मोगरा वाढवणाऱ्या बाई

आमच्या घरमालकीणबाई खोली भाड्यानं देताना दोनच प्रश्न विचारायच्या. "हीटर किती वेळ लावतेस?" आणि "कंबर कशी आहे?" पहिल्याला "थोडा वेळ" आणि दुसऱ्याला "धड आहे" असं उत्तर दिलं की खोली मिळाली. जात, गाव, नवरा कुठे, मुलगा का सांभाळत नाही, यातलं काही त्या विचारायच्या नाहीत. मला वाटलं, बरं माणूस भेटलं. ऑक्टोबर आला तेव्हा कळलं कंबर कशाला विचारली होती.

घर इंग्लंडातल्या रीडिंगमध्ये, जुन्या विटांचं, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं. पुढे बैठकीची खोली, मधे एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे काचेची पडवी, आणि पडवीच्या टोकाला न्हाणी नि संडास. वर दोन खोल्या. एक बाईंची, एक माझी. संडासाला जायचं तर जिना उतरून सगळं घर ओलांडून पडवीतून जायचं. हे एवढं लक्षात ठेवा.

मागच्या अंगणात एकोणीस कुंड्या होत्या. दोन अनंत, एक रातराणी, एक कुंती, बाकी सगळा मोगरा. एकेरी, बटमोगरा, मदनबाण. यातल्या एकालाही इथली थंडी झेपत नाही. ऑक्टोबरात पारा दहाच्या खाली यायला लागला की एकोणीसच्या एकोणीस कुंड्या पडवीत यायच्या. आधी प्रत्येक पान उलटून बघायचं, पांढरी माशी दिसली तर साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग कुंडी उचलायची. बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, मी पासष्टीची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं ओल्या चादरी उचलल्या होत्या म्हणून निभावलं.

"अगं, मिठी मार तिला," बाई म्हणायच्या. "कुंडी लांब धरली की कंबर जाते. नवऱ्याचंही तसंच असतं."

त्यांचा नवरा गेला होता. गेला म्हणजे वारला नाही, शेजारच्या स्लाउ गावी गेला. तिथल्या एका बाईकडे. बाईंनी त्याच्यामागे कुंकू लावायचं सोडलं नाही, अंबाड्यात फुलं घालायचंही सोडलं नाही. कोणी सुचवलंच तर म्हणायच्या, "तो स्लाउला आहे, स्वर्गात नाही. मी कशाला पुसू?"

मी मात्र खरी विधवा. पहिल्या जुलैत त्यांनी ओंजळभर मोगरा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "अहो बाई, मला कसं चालेल?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुंडीत साबण ओतला. "हिवाळाभर पाणी तू घातलंस ना? की तुझ्या नवऱ्यानं घातलं?" मी फुलं घेतली. तेव्हापासून घालते. कोणाला खुपलं तर खुपू दे.

पाणी घालायचं म्हणजेही त्यांचं एक शास्त्र होतं. नळाचं पाणी झाडाला द्यायचं नाही. रीडिंगचं पाणी इतकं जड की किटलीत खडू साठतो, अनंताची पानं पिवळी पडतात. पन्हळीखाली पिंप ठेवलेलं, त्यातलं पावसाचं पाणी द्यायचं. तेही हिवाळ्यात कधी, तर कुंडी एका बाजूनं उचलून बघायची. हलकी लागली तर वाटीभर. जड लागली तर हात मागे घ्यायचा. मी एकदा माती वरून सुकलेली बघून तांब्याभर ओतलं. बाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "हिवाळ्यात झाडाला काही द्यायचं नसतं. त्याच्याकडे काही मागायचंही नसतं. दोघांनी गप्प राहायचं."

गावात नवीन आलेली कॉम्प्युटरवाली मंडळी बाईंकडे यायची. एकजण दर वर्षी नवा मोगरा विकत आणायचा आणि दर वर्षी तो नाताळापर्यंत मरायचा. त्यानं विचारलं, "काकू, मी रेडिएटरशेजारी ठेवतो, कोमट पाणी देतो, रोज स्प्रे करतो. काय चुकतं?"

"तुम्ही त्याला जावयासारखं वागवता," बाई म्हणाल्या. "तो बिचारा थंडीत निजायला बघतो, तुम्ही ताटावरून उठूच देत नाही."

गणपतीत फुलं मागायला लोक यायचे तेव्हा तर विचारूच नका. दारातच ऐकवायच्या, "ऑक्टोबरात कुंड्या उचलायला या, मग सप्टेंबरात फुलं मागा. देवाला फुलं हवीत नि तुम्हाला कंबर नको." एकजण म्हणाला, देवाच्या कामाला नाही म्हणू नये. बाई म्हणाल्या, देवाला मी नाही म्हणत नाही, तुम्हाला म्हणते. ऑक्टोबरात कोणी आलं नाही. पुढच्या गणपतीत फुलं मिळाली नाहीत. त्या असल्या बाबतीत पक्क्या होत्या.

आता त्यांच्या एका शब्दाबद्दल सांगते, कारण सगळं त्या शब्दानं घडलं.

बाईंच्या वडिलांचं मिरजेत हार-फुलांचं दुकान होतं. दुकानदाराच्या घरात "दुकान बंद केलं" म्हणत नाहीत. बंद म्हटलं की दिवाळं निघालं. फळ्या लावताना म्हणायचं, दुकान वाढवलं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. हे आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, पण बाईंनी त्याचा कळस केला होता. टीव्ही वाढव म्हणायच्या, म्हणजे बंद कर. पिठाचा डबा वाढला म्हणजे पीठ संपलं. आणि ऑक्टोबरात झाडं आत घेतल्यावर खत थांबवायचं, पाणी तोडायचं, लांबलेली टोकं छाटायची, झाड निजवायचं, या सगळ्याला त्या म्हणायच्या, "झाडं वाढवायची."

मला कळायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हे शाळेत शिकवतही नाहीत.

त्यांच्या लेकीला कळत नव्हतं. लेक इथे जन्मलेली, पन्नाशीची, मेडनहेडला राहणारी, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. मनानं चांगली. मराठी बोलायची, पण तिच्या तोंडी सगळ्या वस्तू पुल्लिंगी. भाजी झाला, खुर्ची तुटला. बाई तिला कधी दुरुस्त करत नसत. म्हणायच्या, बोलते ना, पुरे.

त्या वर्षी मी सुनेच्या बाळंतपणाला दोन महिने कार्डिफला गेले होते. जायच्या आधी कुंड्या आत घेऊन दिल्या. मी गेल्यावर आठच दिवसांत बाई पडवीच्या उंबऱ्यात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून त्यांनी लेकीला फोन केला. दुखत असणार, औषधाची गुंगीही असणार. एवढंच बोलल्या, "झाडं वाढवायची राहिलीत बघ. तेवढी वाढव."

लेकीनं वाढवली.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी परतले. पडवीचं दार उघडलं तर वाफ तोंडावर आली. कोपऱ्यात तेलाचा मोठा हीटर पेटलेला, काचांवरून पाणी गळतंय, आणि एकोणीस कुंड्यांतून वीतवीतभर पोपटी, मऊ, लेचीपेची फूट आलेली. हात लावला तर पांढऱ्या माशीचा ढग उडाला.

लेक मागे उभी. तोंडभर हसत होती.

"मावशी, बघा ना! किती नवीन पान आला! मी खत पण दिला, दर आठवड्याला."

"कोणी सांगितलं तुला?"

"आईनेच. झाडं वाढव म्हणाली. मी ऑनलाइन वाचला, ट्रॉपिकल आहे ना ते, त्यांना वॉर्म पाहिजे."

"अगं, मारलीस ती."

"पण हिरवा आहे ना!"

"तापात माणसाचे गाल लाल होतात. म्हणून ते गुटगुटीत असतं का?" मी म्हटलं. "बाहेर उजेड नाही, चार वाजता अंधार पडतो, आणि तू त्यांना जूनचं जेवण घातलंस. वाढव म्हणजे बंद कर, निजव."

"वाढव म्हणजे ग्रो ना?"

"तेही असतं. पण दुकान वाढव म्हणजे बंद कर. बांगडी वाढली म्हणजे फुटली."

"मग सरळ बंद कर का नाही म्हणत?"

"अशुभ असतं ते."

"आणि आता हे सगळे झाड मेले, तो शुभ आहे का, मावशी?"

बिचारी रोज ऑफिसातून मेडनहेडहून रीडिंगला येऊन खत घालून जात होती.

सात कुंड्या नाताळापर्यंत गेल्या. दोन अनंतांतला एक त्यात होता. उरल्या बारा.

बाईंना मी परतल्यावर लगेच हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. खोटं बोलायचं मला जमत नाही, आणि त्यांनी पकडलंच असतं. वॉर्ड तापलेला, खिडक्या घट्ट, बाई घामानं भिजलेल्या. त्यांनी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले.

"फूट केवढी?"

"वीतभर."

"रंग?"

"पोपटी."

"माशी?"

"आहे. ढगानं आहे."

मला वाटलं आता लेकीचा उद्धार होणार.

"चूक तिची नाही," त्या म्हणाल्या. "मी तिच्याशी मिरजेच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलले. आता ऐक. हीटर एकदम घालवू नकोस, रोज थोडा उतरव, नाहीतर गारठ्यानं फूट काळी पडेल. पोपटी सगळं छाट. दया दाखवू नकोस. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, जुनं लाकूड जगलं तर बाकी सगळं परत येतं."

मी तसं केलं. हीटर उतरवत आणला. बारा कुंड्यांत बारा काटक्या उरल्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, या बाया काटक्यांना पाणी घालतात.

मग दुसरंच संकट आलं. हॉस्पिटलची एक थेरपिस्ट घर बघून गेली. बाईंना आता वॉकर धरून चालायचं होतं, जिना चढायचा नव्हता. पलंग मधल्या खोलीत आणायचा, ते ठीक. पण संडास पडवीच्या टोकाला, आणि पडवीत कुंड्या. वॉकर जायला वाट नव्हती. थेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं, वाट मोकळी झाली तर घरी सोडू, नाहीतर नाही. लेकीनं मेडनहेडला एक होम बघून ठेवलं होतं, म्हाताऱ्या माणसांचं. चांगलं होतं, मी नावं ठेवत नाही. सगळीकडे गालिचा, सगळीकडे तेवीस डिग्री. एक खोली बाईंसाठी धरून ठेवलेली. "थोडे दिवसच, आई," लेक म्हणायची. असल्या ठिकाणचे थोडे दिवस किती असतात ते मी लाँड्रीत असताना पाहिलंय. चादरींवरून कळतं.

"कुंड्या बाहेर काढू या," लेक म्हणाली. "बारा काटक्याच आहेत आता."

"बाहेर फ्रॉस्ट आहे. एका रात्रीत जातील."

"मग आई की झाड, मावशी?"

हे तिनं आईलाही विचारलं. बाई म्हणाल्या, "कुंड्या गेल्या तर मी त्या घरी येऊन काय करू? भिंती बघू? आणि त्या राहिल्या नि मी होममध्ये गेले तर त्यांचं कोण बघेल? मीही येणार, त्याही राहणार. तुम्ही जागा करा."

जागा एकच होती. पुढची बैठकीची खोली. रेडिएटर बंद केला की आठ-दहा डिग्री राहायची आणि रस्त्याकडे मोठी खिडकी, दिवसभर उजेड. पण त्या खिडकीत लेकीनं आईच्या पंच्याहत्तरीला दिलेला सोफा होता. क्रीम रंगाचा, चामड्याचा, तीन माणसांचा, हत्तीएवढा. त्याच्यापुढे खोलीत कुंडी काय, मांजर मावलं नसतं.

जानेवारीतल्या एका सकाळी थेरपिस्ट बाईंना व्हॅनमधून घेऊन दहा वाजता येणार होती. घरात चालवून बघायचं, चहा करायला लावायचा, संडासापर्यंत जाऊन यायला सांगायचं. जमलं तर त्याच दिवशी घरी. नाही जमलं तर व्हॅन मेडनहेडला.

साडेनऊला लेक आली. होमचे कागद पिशवीत होते, वर डोकावत होते. मी एकटी सोफा ओढत होते.

"मावशी! काय करताय?"

"सोफा बाहेर काढतेय."

"बाहेर कुठे?"

"पुढच्या अंगणात."

"तिथे बर्फ जमलाय!"

"सोफ्याला थंडी चालते. मोगऱ्याला चालत नाही."

"पण तो मी दिलाय तिला. वाढदिवसाला."

"ठाऊक आहे. त्यावर बसलेली पाहिलीस कधी तिला?"

ती आठवत असावी. बाई कायम पडवीतल्या लाकडी स्टुलावर बसायच्या, सोफ्यावर धुतलेले कपडे घड्या घालून ठेवायच्या.

"मी तिला आरामात ठेवायला बघतेय," ती शेवटी म्हणाली.

"तू मोगऱ्यालाही आरामात ठेवलं होतंस."

फार लागलं असणार. पण मी बोलून गेले आणि परत घेतलं नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, कोट काढला, बाह्या वर केल्या.

"कुठून धरू?"

दोघींनी मिळून तो दारापर्यंत आणला आणि तिथे तो अडकला. ना आत, ना बाहेर. मी अंगणात, ती घरात, मधे सोफा. तेवढ्यात व्हॅन आली. बाई चाकाच्या खुर्चीत, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या, फाटकातूनच ओरडायला लागल्या.

"तिरका कर! अगं तिरका!"

"तिरका म्हणजे काय?" लेक आतून.

"आडवा नको धरूस, तिरका!"

"आई, मला नाही कळत तिरका!"

बाई ओरडायच्या थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, त्यांनी कोणासाठी आपला शब्द बदललेला मी पाहिला नव्हता.

"टिल्ट, राणी," त्या म्हणाल्या. "टिल्ट इट. युअर साइड अप."

सोफा सुटला आणि माझा पाय थोडक्यात चुकवून गवतावर जाऊन बसला. थेरपिस्टनं विचारलं, आम्ही नंतर येऊ का. बाई म्हणाल्या, नाही, अगदी वेळेवर आलात, आणि तिला पडवीत नेऊन तिच्या हातात उरलेला अनंत दिला. "होल्ड इट क्लोज. लाइक अ बेबी." तिनं नेला बिचारीनं. व्हॅनवाल्यानं चार कुंड्या नेल्या. बाकीच्या मी आणि लेकीनं. लेक कुंडी मिठी मारून उचलत होती, कोणी न सांगता. त्या बारांतल्या किती जगतील ते उन्हाळ्यात कळणार होतं. नऊ जगल्या. पण त्या सकाळी प्रश्न त्यांचा नव्हता.

थेरपिस्टनं टेप काढून पडवी मोजली. वाट झाली होती. मग बाईंना उठवलं. पलंगावर बसून दाखवलं, उठून दाखवलं. स्वयंपाकघरात चहा केला, तिला विचारून साखर घातली. त्यानंतर पडवी. वॉकर पुढे, मग पाय. परत वॉकर, परत पाय. रिकाम्या पडवीत ठकठक आवाज घुमत होता. उंबऱ्याशी, जिथे पडल्या होत्या तिथे, त्या थांबल्या. लेकीचा हात आपोआप पुढे गेला. मी तो धरून ठेवला. बाईंनी वॉकर उचलून पलीकडे टेकवला आणि गेल्या.

"दार आतून लावू नका," थेरपिस्ट मागून म्हणाली. "फक्त लोटून घ्या."

दार लागलं. खटकन कडी बसली.

"प्लीज, कडी काढा. हे आमच्या नियमात नाही."

मग पाणी सोडल्याचा आवाज. मग नळाचा.

"आई, दार उघड," लेक म्हणाली.

"साइन झालं का?"

"आई!"

"पन्नास वर्षं या संडासाला मी आतून कडी लावतेय. सगळं मी करून दाखवलंय, चहासुद्धा. आता तिला म्हणावं, घरी सोडायच्या कागदावर सही कर. मग येते."

थेरपिस्टनं लेकीकडे बघितलं. लेक माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती. तिनं आपल्या खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि थेरपिस्टपुढे धरलं.

सही झाली. मग कडी निघाली.